पैसे मोजून जीव आणायचा नाही



दिवाळीच्या सुट्टीत नात आळंदीला आली ती हट्ट घेऊनच. "आजी, मला कुरळ्या केसांचा पूडल पाहिजे." तिच्या पप्पांना, म्हणजे माझ्या मुलाला, ॲलर्जी आहे आणि पूडलचे केस गळत नाहीत असं तिनं कुठेतरी ऐकलेलं. एका विक्रेत्यानं पूडल-मिक्स पिल्लाचे 45,000 रुपये सांगितले. मी म्हटलं, पिल्लाची आई दाखवा. त्यानं विषय बदलला.

मी बी.कॉम. झालेली बाई, आधी हिशोब मांडते. केस गळत नाहीत, कारण ते वाढतच राहतात. म्हणजे रोज विंचरणं आलं, सहा-आठ आठवड्यांनी कापून घेणं आलं, कान कोरडे ठेवणं आलं. शिवाय ॲलर्जी नुसत्या केसांची नसतेच, कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. ऑस्ट्रेलियात 1989 साली वॉली कॉनरॉन यांनी एका दृष्टिहीन बाईसाठी लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला, कारण तिच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. तीन पिल्लांपैकी एकच त्याला चाललं! पुढे त्याचा बाजार झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच पश्चात्ताप बोलून दाखवला. म्हणून जात बघून भरवसा ठेवू नका. घरातल्या ॲलर्जीच्या माणसाला त्याच कुत्र्याजवळ दोन-तीनदा बसवून बघा.

आता धर्माचं. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो. त्यात केशवाणिज्य येतं, म्हणजे केसाळ जीवांचा व्यापार. विकणारा दोषी आणि विकत घेणारा मोकळा, असं कसं होईल? गिऱ्हाईक आहे म्हणून तर त्या आईला पुन्हा पुन्हा वेत काढायला लावतात. 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी विचारून बघा, किती जण कागद दाखवतात ते.

आमच्या स्थानकातल्या एक बहीण म्हणाल्या, "असतीपोषणही कर्मादानच ना, मग कुत्रं पाळायचंच कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण तो दोष हिंस्र जीव धंद्यासाठी पोसण्याचा. टाकून दिलेल्या जिवाला आसरा देणं ही अनुकंपा. आपल्या पांजरपोळी त्याच भावनेवर उभ्या आहेत.

नसबंदीचं मात्र मला जड गेलं. छविच्छेद हा पहिल्या व्रताचा अतिचार. दोन रात्री विचार केला. शेवटी वाटलं, भूल देऊन एकदा केलेली शस्त्रक्रिया एकीकडे, आणि रस्त्यावर गाडीखाली जाणारी पिल्लं दुसरीकडे. दोष लागत असेल तर तो मी आलोयणा घेऊन मान्य करीन, पण कमी हिंसेचा रस्ता हाच.

पुण्यातल्या एका निवाऱ्यातून चार वर्षांची पूडल-मिक्स कुत्री आणली. पिल्लांसाठी वापरून झाल्यावर कोणीतरी सोडून दिलेली. केसांची इतकी गठुळी झाली होती, की सगळे भादरावे लागले. निवाऱ्याच्या लोकांनी घर बघितलं, प्रश्न विचारले, करारावर सही घेतली. मला राग नाही आला. मुलगी देताना आपण चौकशी करत नाही का?

असा जीव टाकून देणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या वेळेचा दंड जास्तीत जास्त 50 रुपये! पंचेचाळीस हजाराला घ्या आणि पन्नासात सोडा, हा हिशोब मला आजही पटत नाही.

कोणी म्हणेल, गावठी कुत्री काय कमी आहेत? त्यांनाच आधी न्या, मी तर म्हणते. ती आपल्या हवेला टिकतात. पण हे लांब केसांचं कुत्रं रस्त्यावर टिकत नाही, म्हणून त्यालाही घर लागतं.

खाणं? वरण-भात, पोळी, भाजी, थोडं दही. कुत्र्याला धान्य पचतं, तरी डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय. कांदा आणि द्राक्षं त्याला विषारी. कांदा आमच्या घरात नाहीच. आमचा चौविहार तिच्यावर लादत नाही, अन्नपाणी रोखणं हाही अतिचारच.

कार्तिकीच्या गर्दीत ती घाबरून पलंगाखाली बसली. मी तिथेच खाली आसन टाकून सामायिक केली. पाऊण तासानं उठले, तर तिचं डोकं माझ्या पदरावर होतं.