पुनरारंभाचा हिशेब

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी विज्ञानकथा-मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन पर्वे, ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. बंद पडलेल्या या मालिकेच्या नावावर पुढे चित्रपटांचा आणि मालिकांचा जो पसारा उभा राहिला, त्याने अनेक दशके व्यापली आहेत. एवढ्या काळात मूळ नट वृद्ध झाले, काही काळाच्या पडद्याआड गेले आणि कथानकाची गुंतागुंत नवख्या प्रेक्षकाला दाराबाहेरच ठेवील इतकी वाढली. अशा वेळी निर्माते जे करतात त्याला संगणकाच्या परिभाषेतून उचललेला एक शब्द आहे: रीबूट. जुने मिटवून किंवा बाजूला सारून, तीच पात्रे घेऊन पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. जे. जे. एब्रम्स यांच्या २००९ च्या ‘स्टार ट्रेक’ या चित्रपटाने असा पुनरारंभ केला आणि त्यावरून चाहत्यांत जी फूट पडली ती अजून सांधलेली नाही. आमचे म्हणणे असे की, या वादात दोन्ही पक्ष चुकीच्या मैदानावर लढले आणि त्यामुळे ज्या प्रश्नाचा निकाल लागायला हवा होता तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या भांडणात का पडावे, अशी शंका येथे कोणी घेईल. मालिकांच्या नादी लागलेल्या लोकांची ही हमरीतुमरी, तिच्याशी आपला काय संबंध, असे म्हणून मान फिरवण्याची रीत आपल्या विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. आम्हांला ती मान्य नाही. दुसऱ्या पर्वाच्या वेळी मालिका बंद होणार अशी वदंता उठली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याच्या पुढाकाराने प्रेक्षकांनी वाहिनीच्या कचेरीत पत्रांचा ढीग लावला. तिसरे पर्व आले. ज्या वर्गाने कलाकृतीचे आयुष्य असे वाढवले, तिचा भाग अन् भाग मुखोद्गत केला, तो वर्ग केवळ ग्राहक नव्हे. १९७३-७४ ची सचेतपट मालिका प्रमाण मानावी की प्रक्षिप्त, यावर या मंडळींनी केलेला खल एखाद्या प्राचीन संहितेच्या पाठचर्चेहून स्वभावतः वेगळा नाही. त्यांना परिभाषा ठाऊक नाही, इतकेच. म्हणूनच त्यांच्या चुकाही समीक्षेच्या चुका म्हणूनच दाखवून दिल्या पाहिजेत.

या वादातील पहिल्या पक्षाला आम्ही नोंदवहीचा पक्ष म्हणतो. या पक्षाच्या दृष्टीने कथाविश्व म्हणजे घडलेल्या घटनांची एक वही. नव्या कृतीतील प्रत्येक तपशील या वहीशी ताडून पाहायचा आणि जुळला नाही की ती अप्रमाण ठरवायची. दुसरा पक्ष नव्याच्या कैवाऱ्यांचा. त्याचे म्हणणे सोपे आहे: ही करमणूक आहे, काळ बदलला, तुम्ही म्हातारे झालात. पहिला पक्ष तपशिलाला मूल्य समजतो आणि दुसरा पक्ष नावीन्याला. दोघांचेही समज तपासून घेण्याजोगे आहेत.

नोंदवहीच्या पक्षाची मर्यादा एका कपाळावरून दाखवता येते. मूळ मालिकेत क्लिंगॉन या शत्रुजातीची कपाळे माणसांसारखीच सपाट होती, कारण रंगभूषेला पैसा नव्हता. १९७९ च्या चित्रपटात पैसा होता, तेव्हा त्यांच्या कपाळांवर उंचवटे आले. प्रेक्षकांनी विचारले, हे कसे? १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या एका भागात वॉर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याला हाच प्रश्न त्याचे सहकारी विचारतात आणि तो एवढेच सांगतो की, आम्ही या विषयाची चर्चा परक्यांशी करत नाही. हे उत्तर नेमके होते; कलाकृतीने आपल्या विसंगतीवर हसून तिला पोटात घेतले. पण वहीला हसणे चालत नाही. २००५ मध्ये ‘एंटरप्राइज’ मालिकेने दोन भाग खर्ची घालून त्या सपाट कपाळांमागे एका विषाणूची कथा रचली. पुढे २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ने क्लिंगॉनांचे रूप पुन्हा बदलले आणि वाद मूळपदावर आला. रंगभूषाकाराच्या अंदाजपत्रकाची भरपाई कथाकाराने किती वेळा करायची?

हे हास्यास्पद असले तरी निरुपद्रवी आहे. पण नोंदवहीचा उपयोग पुष्कळदा आडोसा म्हणून होतो. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही ग्लेन लार्सन यांची १९७८ ची मालिका रोनाल्ड मूर यांनी २००३ मध्ये नव्याने घडवली, तेव्हा स्टारबक हा बेफिकीर वैमानिक स्त्री झाला. मूळ नट डर्क बेनेडिक्ट यांनी त्यावर एक जळजळीत लेख लिहिला. त्याचा सूर पाहिला तर दुखणे मूळ संहितेचे नव्हते, पुरुषत्वाच्या जाण्याचे होते. ‘डिस्कव्हरी’च्या केंद्रस्थानी कृष्णवर्णीय नायिका आली तेव्हाही काही प्रेक्षकांना परंपरेची आठवण झाली, १९६६ मध्ये त्याच परंपरेने उहुरा या कृष्णवर्णीय स्त्रीला जहाजाच्या मुख्य कक्षात अधिकारी म्हणून बसवले होते, ही नोंद मात्र त्यांच्या वहीत सापडेना.

आणखी एक उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागात खान नूनियन सिंग हे पात्र प्रथम आले. अतिमानव घडवण्याच्या प्रयोगातून निपजलेला हा हुकूमशहा उत्तर भारतातला, बहुधा शीख, असा तर्क जहाजावरील इतिहासतज्ज्ञ स्त्री करते. २०१३ च्या ‘इन्टू डार्कनेस’मध्ये हीच भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या गौरवर्णीय ब्रिटिश नटाने केली. यावर हरकत घेणारे होते आणि त्यांची हरकत रास्त होती. पण तिचे उत्तर ‘मुळाकडे परत चला’ असे देता येत नाही. कारण मुळातही ती भूमिका रिकार्डो मॉन्टल्बान या मेक्सिकन नटाला रंगवून केलेली होती. ज्या मुळाची ग्वाही द्यायची ते मूळच असे डागाळलेले असते. मूळ संहिता साक्ष म्हणून उपयोगी पडते. न्यायाधीश म्हणून तिला बसवता येत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. २००९ च्या चित्रपटाने नोंदवहीच्या पक्षाशी एक चतुर तडजोड केली होती. नीरो नावाचा खलनायक भविष्यातून भूतकाळात येतो, इतिहासात ढवळाढवळ करतो आणि तेथून काळाचा एक निराळा फाटा फुटतो. जुन्या कथा जुन्या फाट्यावर सुरक्षित, नव्या कथा नव्या फाट्यावर मोकळ्या. वृद्ध स्पॉकच्या भूमिकेत साक्षात लेनर्ड निमॉय येऊन या व्यवस्थेवर संमतीची मोहोर उठवतात. कारकुनी दृष्टीने यात खोट काढायला जागा नाही. नव्याच्या कैवाऱ्यांनी विजय मानला: आता कोणाला तक्रारीचे कारणच उरले नाही!

तक्रारीचे कारण नेमके येथूनच सुरू होते. या चित्रपटात स्पॉकचा ग्रह, व्हल्कन, नष्ट होतो. स्पॉक आपल्या नोंदीत आकडा सांगतो: सहा अब्ज रहिवाशांपैकी फार तर दहा हजार वाचले असतील. स्पॉकची आईही त्यात जाते. एवढा संहार क्वचितच कोणत्या कथेने आपल्या मध्यावर ठेवला असेल. आणि पुढे? पुढे शत्रूचा नायनाट होतो, कर्कला पदक आणि जहाज मिळते, टाळ्या वाजतात, हसऱ्या चेहऱ्यांनी मंडळी प्रवासाला निघतात. स्पॉकच्या शोकाचा एक प्रसंग आहे आणि तो चांगला आहे. परंतु सहा अब्जांचे ओझे चित्रपटाच्या चालीवर कोठेही जाणवत नाही. २०१३ च्या पुढील भागात त्या संहाराची सावली जेमतेम उरते. २०१६ च्या ‘बियाँड’मध्ये स्पॉक उरलेल्या व्हल्कनांसाठी जहाज सोडण्याचा विचार करतो तेव्हा पहिल्यांदा वाटते की, कोणाला तरी ते आठवते आहे, तोवर सात वर्षे लोटलेली असतात. जुन्या तपशिलांना धक्का लागू नये म्हणून काळाचा नवा फाटा काढणाऱ्यांनी स्वतः घडवलेल्या घटनेची मात्र जबाबदारी घेतली नाही.

आता हाच मापदंड ‘गॅलॅक्टिका’ला लावून पाहा. १९७८ च्या मूळ कथेत बारा मानवी वसाहतींचा संहार होतो आणि वाचलेल्यांचा काफिला थोड्याच अवधीत एका जुगारगृह असलेल्या ग्रहावर जाऊन रमतो. २००३ च्या पुनरारंभाने जुने कथानक सांभाळण्याचे कोणतेही वचन दिले नाही. पात्रे, शत्रूचे स्वरूप, सारे मोडून घेतले. परंतु संहार मात्र गंभीरपणे घेतला. अध्यक्ष रॉस्लिन यांच्या दालनात एक फळा आहे आणि त्यावर जिवंत माणसांची संख्या लिहिलेली आहे. सुरुवातीला ती पन्नास हजारांच्या आसपास असते. माणसे मरत जातात तशी ती खाली येते. ‘३३’ या पहिल्या नियमित भागाच्या शेवटी काफिल्यात एक मूल जन्माला येते आणि रॉस्लिन त्या संख्येत एक मिळवतात. हे एक मिळवणे आम्हांला ‘स्टार ट्रेक’च्या सहा अब्जांपेक्षा मोठे वाटते. मूळ मालिकेतील अपोलो म्हणजे रिचर्ड हॅच. त्यांनी जुन्या कथेच्या पुढील भागासाठी स्वतः पदरमोड करून झलकपट काढला होता आणि नव्या मालिकेला प्रथम विरोध केला होता. पुढे तेच या मालिकेत टॉम झॅरेक या बंडखोराच्या भूमिकेत आले. हा केवळ व्यावसायिक समेट होता असे आम्ही मानत नाही. आपल्या जुन्या कथेला जे पेलले नव्हते ते नवी कथा पेलते आहे, हे कळण्याची ती एक रीत होती.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. मालिकेला अनेक पर्वांचा अवकाश मिळतो, चित्रपटाला दोन तासांचा. ही तुलना विषम नव्हे काय? याचे उत्तर ‘स्टार ट्रेक’च्याच घरात आहे. निकोलस मेयर यांचा १९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ हा चित्रपटच आहे आणि त्यात नोंदवहीची ढळढळीत चूक आहे: खान चेकॉव्हला पाहताच ओळखतो, पण १९६७ च्या त्या भागात चेकॉव्ह नव्हताच, तो मालिकेत दुसऱ्या पर्वापासून आला. चाहत्यांना ही चूक ठाऊक आहे आणि तरीही ‘स्टार ट्रेक’च्या उत्तम चित्रपटांत ते याला अग्रस्थान देतात. असे का व्हावे? कारण पंधरा वर्षांपूर्वी कर्कने खानला एका ओसाड ग्रहावर सोडून दिले आणि पुन्हा वळून पाहिले नाही, या कृत्याचा जाब हा चित्रपट कर्कला विचारतो. जाबाची किंमत म्हणून स्पॉक मरतो. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच स्पॉकच्या मृत्यूची बातमी फुटली तेव्हा याच चाहत्यांनी काहूर माजवले होते; चित्रपट पाहिल्यावर त्यांना तो मृत्यू पटला. पुढे १९८४ मध्ये स्पॉक परतला खरा, पण त्यासाठी कर्कला मुलगा आणि जहाज दोन्ही गमवावी लागली. २०१३ च्या चित्रपटाने तोच मृत्यूप्रसंग नावांची अदलाबदल करून उचलला. या वेळी कर्क मरतो आणि थोड्याच वेळात खानच्या रक्ताने जिवंत होतो. प्रसंगाची आठवण तेवढी जपली, त्याची किंमत चुकवण्याचे टाळले. विशेष खेद याचा की, त्याच चित्रपटात एक खरा प्रश्न हाती आला होता: न्यायालयापुढे न आणता एका अपराध्याला दुरून क्षेपणास्त्राने ठार करावे काय? अमेरिकेची चालकरहित विमाने तेव्हा नेमके हेच करत होती. प्रश्न पहिल्या अर्ध्या भागात विचारला जातो आणि मग हाणामारीत विरून जातो. लास व्हेगासच्या मेळाव्यात चाहत्यांनी त्याला सर्वांत वाईट ‘स्टार ट्रेक’ चित्रपट ठरवले. आम्हांला निकाल मान्य आहे, पण खटला या टाकून दिलेल्या प्रश्नावर चालायला हवा होता.

तेव्हा तपशिलांचे सातत्य आणि घटनांचे उत्तरदायित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पहिले सांभाळून दुसरे गमावता येते, पहिले मोडून दुसरे सांभाळता येते. पुनरारंभाची परीक्षा दुसऱ्यावर व्हावी. ही परीक्षा पुनरारंभ करणाऱ्यालाच अधिक लागू आहे, कारण तो आयत्या भांडवलावर व्यापार करतो. कर्क, स्पॉक, खान ही नावे उच्चारताच प्रेक्षकाच्या मनात जे हलते ते आधीच्या लेखकांनी आणि नटांनी कमावलेले असते. ते वापरायचे तर त्यात भर घालणे हे कर्जच समजले पाहिजे.

चाहत्यांच्या भांडणाने व्यवसाय काय शिकतो, याचाही विचार व्हावा. तक्रार जर सपाट कपाळाची असेल, तर पुढच्या वेळी उंचवट्याचे कपाळ मिळेल. ते स्वस्त आहे. जुने जहाज, जुनी धून, जुन्या संवादांचे प्रतिध्वनी, हे सारे पुरवता येते आणि पुरवले जातेही. निर्मात्यांना कठीण जाते ते दुसरेच काही मागितले म्हणजे: तुम्ही सहा अब्ज मारलेत, आता त्यांचे काय? ही मागणी कोणत्याही वहीतून निघत नाही. ती कथा लक्ष देऊन वाचण्यातून निघते आणि ते वाचन शिकवण्याचा व्यवसाय आपण करतो. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला या कथाविश्वाची खडान्‌खडा माहिती असण्याचा संभव आहे. त्याची टिंगल करण्याऐवजी त्याला हा एक प्रश्न दिला, तर पुढील पुनरारंभाच्या वेळी भांडण निदान योग्य जागी तरी होईल.