मेंथॉलला मिळालेली सूट

सिगारेटच्या फिल्टरमध्ये हल्ली ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोळी बसवलेली असते. फिल्टर दोन बोटांत दाबला की ती टक्‌कन फुटते आणि पुढच्या झुरक्याला पुदिना, लवंग किंवा एखाद्या फळाचा स्वाद येतो. मुंबई-पुण्यातल्या टपऱ्यांवर अशी सिगारेट उघडपणे विकली जाते, कारण भारतात तिच्यावर बंदीच नाही. ई-सिगारेट आपण २०१९ मध्ये बंद केली. गुटखा महाराष्ट्राने २०१२ मध्ये बंद केला. स्वादाच्या सिगारेटचा प्रश्न मात्र कायद्यापर्यंत पोहोचलेला नाही. तो पोहोचायलाच हवा, आणि पोहोचेल तेव्हा अमेरिकेने २००९ मध्ये केलेली चूक आपण टाळायला हवी.

आधी स्वाद नेमके काय करतो ते पाहू. पहिल्यांदा धूर ओढणाऱ्याला ठसका लागतो, घसा जळजळतो, डोळ्यांत पाणी येते. हा शरीराने दिलेला नकार असतो आणि अनेक मुले तिथेच थांबू शकतात. मेंथॉल हा नकार दाबून टाकते. पुदिन्यात सापडणारे हे रसायन गारवा जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवते. धूर तितकाच गरम असतो, पण घशाला थंड लागतो. जळजळ कमी जाणवल्यामुळे झुरका सहज आत घेता येतो. निकोटीन आणि टार आहे तिथेच असतात. म्हणजे स्वादामुळे धूर कमी घातक होत नाही, तो नवख्याला सोसू लागतो, आणि सवय जडायला तेवढे पुरते. सवय बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात लागते. तंबाखू कंपन्यांना हे फार आधीपासून माहीत होते. अमेरिकेत खटल्यांमुळे त्यांची जी अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, त्यांत तरुण आणि नवख्या गिऱ्हाइकाला मेंथॉल कसे रुचते याचा विचार बारकाईने केलेला दिसतो.

जून २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी तंबाखू नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली आणि त्याच सप्टेंबरपासून अमेरिकेत स्वादाच्या सिगारेटींवर बंदी आली. चॉकलेट गेले, चेरी गेली, लवंग गेली. मेंथॉल तेवढे वगळले गेले. बंदी आलेल्या सगळ्या स्वादांचा बाजारातला वाटा अगदी किरकोळ होता, तर मेंथॉलचा वाटा पाव बाजाराहून अधिक होता. जे काढून कोणाचे फारसे बिघडत नव्हते ते काढले आणि ज्यावर धंदा उभा होता ते ठेवले.

पुढे काय झाले ते अभ्यासकांनी मोजले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, या बंदीनंतर किशोरवयीन मुलांमध्ये सिगारेट ओढण्याची शक्यता १७ टक्क्यांनी घटली. ओढणारी मुलेही पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी सिगारेटी ओढू लागली. एवढेच वाचले तर बंदी यशस्वी झाली म्हणावे लागेल, आणि काही अंशी ती झालीही. पण त्याच अभ्यासात मुलांमधला मेंथॉल सिगारेटींचा वापर ४५ टक्क्यांनी, सिगारचा ३४ टक्क्यांनी आणि पाइपचा ५५ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. सिगार आणि पाइपची तंबाखू या बंदीत आलीच नव्हती. जिथे सूट होती तिकडे मुले वळली. एकूण तंबाखूसेवनात झालेली घट त्यामुळे सहा टक्क्यांच्या आसपासच राहिली.

या सवलतीची सर्वांत मोठी किंमत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी मोजली. १९५० च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय धूम्रपींपैकी दहा टक्क्यांहून कमी लोक मेंथॉल ओढत. आज हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात आहे. हा आवडीनिवडीचा योगायोग नव्हता. कंपन्यांनी या वस्त्यांमध्ये फुकट पाकिटे वाटली, कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकांत पानेच्या पाने जाहिराती दिल्या, जाझ संगीताचे महोत्सव प्रायोजित केले. सरकारच्याच वैज्ञानिक सल्लागार समितीने २०११ मध्ये सांगितले की मेंथॉल सिगारेट बाजारातून गेली तर सार्वजनिक आरोग्याचे भले होईल. त्यानंतर बंदीचा प्रस्ताव यायला २०२२ उजाडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तोही मागे घेतला गेला. दरम्यान, लवंगेच्या सिगारेटींवर बंदी आणि मेंथॉलला मोकळीक हा भेदभाव आहे, अशी तक्रार घेऊन इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेकडे गेला आणि २०१२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. आरोग्यासाठी केलेला नियम अर्धवट असला की तो व्यापाराच्या न्यायासनापुढेही टिकत नाही, हे त्यातून दिसले.

कॅनडाने उलट वाट धरली. मे २०१५ मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांताने मेंथॉल बंद केले, मग एकेक प्रांत करत ऑक्टोबर २०१७ मध्ये बंदी देशभर लागू झाली. बंदीच्या आधी आणि नंतर त्याच माणसांची विचारपूस करणाऱ्या पाहणीत आढळले की मेंथॉल ओढणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांनी सिगारेट सोडली होती, तर साधी सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. शंभर माणसांमागे सात जणांचा हा फरक एका नियमाने घडवला. लाखो धूम्रपींच्या हिशेबात तो किती कुटुंबांचा प्रश्न आहे, हे कर्करोग रुग्णालयाच्या दारात बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

बंदीविरुद्धचे आक्षेप खोटे नाहीत, त्यांना उत्तर द्यायला हवे. काळा बाजार वाढेल, हा पहिला आक्षेप. नोव्हा स्कोशियात बेकायदा सिगारेटींची लाट आल्याचे दिसले नाही. पण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने जून २०२० मध्ये मेंथॉल बंद केले तेव्हा शेजारच्या राज्यांतून पाकिटे आणणे अवघड नव्हते, कारण सीमेपलीकडे ती राजरोस मिळत होती. एका राज्याची बंदी शेजाऱ्याच्या मर्जीवर टिकते, हा धडा आपल्याकडे तर फारच लागू पडतो. दुसरा आक्षेप पोलिसांचा: बंदीच्या नावाखाली गरीब ओढणाराच पकडला जाईल. म्हणूनच गुन्हा बनवणाऱ्याचा, आणणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा मानला जावा; ज्याला व्यसन लागले आहे त्याचा नव्हे. मेंथॉलबंदीच्या अमेरिकी प्रस्तावातही नेमके हेच होते.

याहून मोठा धोका कंपन्यांच्या हुशारीचा आहे. युरोपीय संघाने मे २०२० मध्ये मेंथॉल सिगारेट बंद केली, तर पाकिटात सरकवायची पुदिन्याची कार्डे बाजारात आली. तासाभरात सगळ्या सिगारेटींना तो वास लागे. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०२२ मध्ये बंदी आली, तर काही आठवड्यांतच मेंथॉल नसलेल्या, पण दुसऱ्या कृत्रिम रसायनाने तोच गारवा देणाऱ्या सिगारेटी विक्रीला लागल्या. कायद्यात वासाचा आणि चवीचा उल्लेख होता, गारव्याचा नव्हता.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली होती, पण दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. मग अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटीन मिसळायला मनाई केली, आणि त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली. गुटख्याची पुडी गेली. तिच्या जागी दोन पुड्या लटकू लागल्या: एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईक दोन्ही फाडते, एक दुसरीत ओतते, हलवते आणि तोंडात टाकते. मिसळण्याचे काम कारखान्यातून तळहातावर आले, एवढाच फरक. सरकारने सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीलाही बंदीत ओढले, ते योग्यच होते. पण कायद्यानुसार असा आदेश एका वेळी एकाच वर्षासाठी काढता येतो. दरवर्षी तो नव्याने काढावा लागतो आणि परराज्यातून आलेला साठा पकडल्याच्या बातम्या येतच राहतात. विदर्भात खर्रा आजही घोटला जातो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे आणि अवघे ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले. मग सिगारेटची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारील. काळजी त्याचसाठी. गुटखा साध्या तंबाखूपेक्षा एवढा पसरला तो गोडव्याच्या आणि सुगंधाच्या जोरावर, हे आपण एका पिढीच्या तोंडाच्या कर्करोगात पाहिले आहे. धूम्रपान अजून कमी आहे, म्हणून आत्ताच हात घालणे सोपे आहे. २०१९ च्या शालेय पाहणीत देशातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुले कोणती ना कोणती तंबाखू वापरत होती.

तेव्हा केंद्राने २००३ च्या तंबाखू कायद्यात दुरुस्ती करावी, आणि ती राज्याराज्यांवर सोडू नये. बंदी स्वादांची यादी देऊन करू नये. स्वाद, सुगंध, गोडवा किंवा गारवा आणणारा कोणताही घटक, कोणत्याही तंबाखूत, फिल्टरमधल्या गोळीत किंवा वेगळ्या कार्डात चालणार नाही, असे लिहावे. विडी, सिगार, हुक्का यांना सूट देऊ नये. भारताने २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार स्वीकारला आहे. स्वादांवर निर्बंध घालण्याची शिफारस त्या कराराच्या मार्गदर्शक तत्त्वांत २०१० पासून आहे, आणि संघटनेने २०२५ मध्ये पुन्हा तीच मागणी केली आहे.

बंदीची तारीख जाहीर होईल त्या दिवसापासून गावोगावच्या आरोग्य केंद्रांत व्यसन सोडवण्याची मदत तयार असली पाहिजे, कारण कॅनडातल्या त्या २२ टक्क्यांसारखी माणसे आपल्याकडेही असतील. आणि ज्यांना बंदीची वाट पाहायची नाही, त्यांच्यासाठी मदतीचा मोफत क्रमांक आजही पाकिटावरच छापलेला आहे: १८००-११-२३५६.