पर्यावरणाचें सोवळें

सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरांत अलीकडे एक नवें सोवळें शिरलें आहे. बाजारास जातांना कापडी पिशवी न्यावी, गणपति शाडूचा आणावा, पावसाळ्यांत एखाद्या रविवारीं टेकडीवर जाऊन रोप लावावें आणि निसर्गाचें जें कांहीं देणें होतें तें फिटलें असें मानून रात्रीं स्वस्थ निजावें, असा या सोवळ्याचा आचार आहे. यांतील एकाहि गोष्टीस आमचा विरोध नाहीं. आमच्या घरींहि त्या होतात. आक्षेप आहे तो एवढ्यानेंच निसर्गाचें रक्षण होतें या समजुतीस. व्यक्तीच्या आचाराकडे डोळे लावून राज्याच्या आणि भांडवलाच्या व्यवहाराकडे पाठ फिरविणारें जें पर्यावरणप्रेम आज प्रतिष्ठित झालें आहे, तें अपुरें तर आहेच, पण प्रसंगीं अपायकारकहि आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम वृक्षारोपणाचाच विचार करूं. महाराष्ट्रांत २०१६ सालीं २ कोटि, २०१७ सालीं ४ कोटि, २०१८ सालीं १३ कोटि आणि २०१९ सालीं ३३ कोटि रोपांचा संकल्प सरकारनें सोडला. म्हणजे अखेरीस देवांची आणि रोपांची संख्या एक झाली. त्याच २०१९ सालीं, ऑक्टोबरच्या ४ तारखेस, मुंबई उच्च न्यायालयानें विरोधकांचे अर्ज फेटाळतांच मेट्रोच्या कारशेडसाठीं आरे वसाहतींत रात्रींच करवती चालूं लागल्या. आणि ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें हात धरीपर्यंत २,००० हून अधिक झाडें आडवीं झालीं होतीं. मेट्रो नको, असें आम्ही म्हणत नाहीं. पण कोटींचे संकल्प करणाऱ्यांस, अर्जदार वरच्या न्यायालयांत पोंचेपर्यंतहि दम धरवूं नये, यावरून त्या संकल्पांची किंमत कळते. शिवाय रोप कोठें लागतें हाहि प्रश्न आहेच. दख्खनचें गवताळ माळरान म्हणजे ओसाड जागा नव्हे. माळढोक, तणमोर, लांडगा व काळवीट यांचें तें घर आहे आणि धनगरांच्या मेंढरांचें तें कुरण आहे. तेथें खड्डे खणून गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या करणें म्हणजे हिरव्या रंगानें निसर्गच पुसून टाकणें होय.

याहून वाईट प्रकार भरपाईचा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालीं जंगलाची जमीन खाणीस वा धरणास द्यावयाची झाल्यास दुसरीकडे झाडें लावण्यासाठीं पैसे भरून घेतात. त्या निधीच्या व्यवस्थेसाठीं २०१६ सालीं स्वतंत्र कायदाहि झाला. शेंकडों वर्षांचें मिश्र अरण्य एका जागीं तोडावें, एकाच जातीच्या झाडांच्या रांगा दुसऱ्या जागीं लावाव्या, कीं वहींतील हिशेब जुळला! आमच्या धर्मशास्त्रांतील प्रायश्चित्तास, पाप पुनः करूं नये, अशी निदान अट तरी होती. येथें दक्षिणा आगाऊ भरली कीं पापाचा परवाना हातीं पडतो.

या सर्व दोषांचें मूळ एकच आहे. निसर्गाचा नाश हा आम्हांस अज्ञानाचा किंवा बेशिस्तीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे. जमीन, पाणी व जंगल यांविषयीं निर्णय कोणीं करावा, लाभ कोणास व्हावा आणि हानि कोणीं सोसावी, हा खरा वाद. सह्याद्रीची कथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ऑगस्ट २०११ मध्यें आपला अहवाल दिला. सबंध सह्याद्रि संवेदनशील मानावा, त्याचे तीन स्तर करावे, आणि अखेरच्या सीमा व नियम मात्र ग्रामसभांशीं विचारविनिमय करून ठरवावे, हें त्याचें सार. केंद्र सरकारनें तो महिनोगणती दडवून ठेवला. माहितीच्या अधिकाराची लढाई न्यायालयापर्यंत गेल्यावर मे २०१२ मध्यें तो लोकांस पाहावयास मिळाला. मग कस्तुरीरंगन यांची दुसरी समिति आली आणि २०१३ सालीं संरक्षणाचें क्षेत्र सुमारें ३७ टक्क्यांवर उतरलें. पुढें मसुद्यामागून मसुदे निघाले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा होता. या तेरा वर्षांत टेकडीवर रोपें लावणाऱ्या आम्हां सुशिक्षितांपैकीं कितीजणांनीं तो मूळ अहवाल उघडून पाहिला?

दुसरा दोष याहूनहि गंभीर आहे. आमच्या पर्यावरणप्रेमास वाघ दिसतो, पण वाघाच्या शेजारचा माणूस दिसत नाहीं. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं, वन्यजीवांच्या रक्षणासाठीं झटणाऱ्या कांहीं संस्था ज्यांत अर्जदार होत्या अशा प्रकरणांत, वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्या लक्षावधि कुटुंबांस जंगलाबाहेर काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला. दावे रीतसर चौकशी करून फेटाळले होते कीं नाहीं, हेंच आधीं पाहावयास हवें होतें; म्हणून २८ तारखेस तो आदेश स्थगित झाला. उलट गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) पाहा. २००९ सालीं त्या गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारहि ग्रामसभेकडे आला, आणि तेथें निर्णय होतात ते सर्वसहमतीनें. ओडिशांतील नियमगिरीच्या डोंगरांत २०१३ सालीं १२ ग्रामसभांनीं बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला, आणि खाणीचा बेत फसला. तो डोंगर कापडी पिशव्यांनीं वांचला नाहीं. नाहीं म्हणण्याचा अधिकार लोकांच्या हातीं होता म्हणून वांचला.

यावर कोणी म्हणतील कीं, गाडगीळांच्या अहवालास केरळांत २०१३ सालीं गांवकऱ्यांनींच विरोध केला होता. मग गांवावर भरंवसा कसा ठेवावा? जो अहवाल इंग्रजींत लिहिला आणि महिनोगणती कुलुपांत ठेवला, त्याविषयीं खेड्यांत भलभलत्या अफवा उठल्या तर दोष खेड्यांचा नव्हे. ग्रामसभाहि चुकेल, हें आम्हांस मान्य आहे. पण आपल्या चुकीचें फळ तिला तेथेंच राहून भोगावें लागतें. मंत्रालयास तें कधींच भोगावें लागत नाहीं.

म्हणून मलमपट्टी पुरे; बदल मुळांतूनच झाला पाहिजे. ग्रामसभेची संमति ही उपचार न राहतां बंधनकारक व्हावी. प्रकल्पाच्या परिणामांची तपासणी करणारा तज्ज्ञ आज प्रकल्पवाल्याच्याच पैशानें नेमला जातो. ही लाजिरवाणी रीत बंद व्हावी. आणि ज्या विजेसाठीं, पाण्यासाठीं व सिमेंटासाठीं डोंगर फुटतात, त्यांच्या शहरी वापरास कायद्यानें मर्यादा पडावी. या तिसऱ्या मागणीची झळ आमच्याच वर्गास लागेल, आणि नेमक्या याच कारणानें ती आमच्या सभांतून कधीं ऐकूं येत नाहीं.

वाचकांनीं पुढच्या पावसाळ्यांत रोप अवश्य लावावें. पण त्याआधीं आपल्या जिल्ह्यांत एखाद्या खाणीची वा कारखान्याची जनसुनावणी लागली असेल, तर तेथें जाऊन बसावें, कागद मागावे आणि जमीन ज्यांची जाणार त्यांच्या बाजूनें दोन शब्द बोलावे.