आधी पाणी, मग इन्सुलिन

परवा अनगोळातील एका घरी आम्ही आजाऱ्याच्या समाचारास गेलो होतो. ताप आल्याने नातू जेवेना, म्हणून घरच्यांनी दोन दिवस त्याची इन्सुलिनची सुई बंद ठेवली आणि मूल बेशुद्धीच्या दारी पोहोचले. देवदयेने ते बचावले. आजोबांनी आम्हांस विचारले, "फादर, साखर एवढी चढली असता डॉक्टरांनी आधी सलाईनच का लावले?"

प्रश्न मार्मिक आहे. वाढलेली साखर लघवीवाटे जाताना शरीरातील पाणीही ओढून नेते. अशा अवस्थेत प्रौढ रोग्याचे सुमारे ६ लिटर पाणी गेलेले असते. शरीर कोरडे पडताच ग्लुकागॉन, कॉर्टिसोल, ॲड्रिनॅलिन हे अंतःस्राव उसळतात. ते यकृताकरवी आणखी साखर रक्तात सोडवितात व इन्सुलिनचे बळ तोडतात. रक्तपुरवठा घटल्याने मूत्रपिंडेही साखर बाहेर टाकू शकत नाहीत. सलाईन हे दुष्टचक्र मोडते. केवळ पाणी भरून काढल्याने हे अंतःस्राव ओसरतात व साखर उतरू लागते, असे व्हिएन्नाच्या वाल्डहॉयझल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखविले. मुलांना मात्र ते फार जपून, मोजून द्यावे लागते.

तथापि रक्तात साठलेले आम्ल इन्सुलिनवाचून हटत नाही. पाणी वाट मोकळी करते. कार्य तडीस नेते ते इन्सुलिन.

म्हणून प्रिय वाचकहो, दुखणाईत जेवत नाही एवढ्यावरून आपल्या मनाने सुई बंद करू नका, डॉक्टरांस विचारा. अतिशय तहान, वांत्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, गुंगी ही लक्षणे दिसताच त्यास बेळगावच्या रुग्णालयात न्या. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.