तबकडीचा वेग आधी तपासा



गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा जुन्या तबकड्यांतला आवाज ‘चिरका’ ठरवून नंतरच्या गवयांच्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणांनाच पसंती देणारे पत्र गेल्या अंकात वाचले. ते मुळीच पटले नाही. सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत असे नाही. कमी वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजवली, की षड्ज वर सरकतो, लय धावते आणि दाणेदार तान किरकिरी वाटते. शिवाय १९०५च्या सुमाराचे गाणे कर्ण्यासमोर गायलेले, तर १९३०नंतरचे मायक्रोफोनवरचे. दोन्हींना एकच माप लावणे हा खाँसाहेबांवर अन्याय आहे.

त्यांची झिंझोटीतली ठुमरी योग्य वेगाने ऐका. जेमतेम तीन मिनिटे, पण एकेका स्वरावर ते किती निवांत विसावतात! गायिका केसरबाई केरकरांची भैरवीही अशीच छोटी; १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर तीच अंतराळात गेली.

पत्रलेखकांनी आपली प्रत दुसऱ्या एखाद्या प्रतीशी पेटीवर षड्ज धरून ताडून पाहावी आणि काय आढळले ते याच सदरात जरूर कळवावे.

– एक वाचक, मिरज