मागून आला म्हणून दोषी?

दरवर्षी 14 जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे पानिपतच्या काला अंबला जातात, 1761च्या रणभूमीवरच्या स्मारकापुढे माथा टेकवतात आणि दिल्लीकडे परततात. हे दिवस उत्तरेतल्या दाट धुक्याचे. दिल्ली-पानिपत हा राष्ट्रीय महामार्ग 44चा नव्वदेक किलोमीटरचा पट्टा तेव्हाही ट्रक, ट्रेलर आणि रिफायनरीच्या टँकरांनी भरलेला असतो. या वाटेने जाणाऱ्या मराठी मंडळींना एका वकीलमहाशयांनी अलीकडे कायदा शिकवला आहे. ट्रकवर जो मागून आदळतो तोच दोषी. धुक्यात ब्रेक लावता येत नसेल त्याने घरी बसावे. ट्रकमालकाला कोर्टात खेचणे म्हणजे मेलेल्याच्या नावावर पैसे उकळणे.

यातले शेवटचे वाक्य अमानुष आहे आणि पहिले खोटे.

महाशयांचा सारा भार 1989च्या रस्ता-नियमांमधल्या तेविसाव्या नियमावर आहे. पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक होणार नाही इतके अंतर मागच्याने ठेवावे, असे तो 2017पर्यंत सांगत असे. ट्रकच्या मागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवरून धावणाऱ्या मोटारीचा दोष सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2018मध्ये याच नियमाच्या आधारे मान्य केला. पण तो ट्रक चालता होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला निकाल महाशय का सांगत नाहीत? रस्त्याच्या मधोमध, पार्किंग लाइट न लावता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर एक मोटार आदळली होती. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सगळा दोष टँकरचालकाचा ठरवला. सप्टेंबर 2024मध्ये कर्नाटकातल्या प्रकरणातही तेच झाले. महामार्गावर अंधारात सोडलेला चौदा चाकी ट्रेलर, ना दिवा, ना इशारा. खालच्या न्यायालयांनी मृतांच्या वारसांची भरपाई निम्म्यावर आणली होती, ती कपात रद्द झाली. चालकाची चूक मोटारीतल्या इतर प्रवाशांच्या माथी मारता येत नाही, हेही त्या निकालात स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 122 तर सरळच सांगते, की धोका होईल अशा जागी, अशा स्थितीत वाहन सोडून ठेवायचे नाही. आणि पुढचा चालत असला तरी तो सुटतोच असे नाही. महामार्गावर इशारा न देता करकचून ब्रेक मारणाऱ्या मोटारचालकावर जुलै 2025मध्ये निम्मी जबाबदारी टाकली गेली.

आता धडकेकडे जवळून पाहावे. मोटारीचा पुढचा भाग चेपून माणसाला वाचवावे अशी तिची रचना असते. ट्रकचा हौदा त्याहून बराच वर असतो. बॉनेट त्याच्याखाली सरळ शिरते, चेपायचे ते चेपतच नाही आणि फाळक्याखालची लोखंडी कड थेट काचेतून डोक्यापर्यंत येते. एअरबॅग पुष्कळदा उशिरा उघडते. हे टाळण्यासाठीच ट्रकच्या मागे खाली आडवा दांडा असतो. आयएस 14812 या भारतीय मानकानुसार तो जमिनीपासून 55 सेंटीमीटरपेक्षा वर नको. अमेरिकेत 1967 साली अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड अशाच धडकेत गेली, आणि तिथे त्या दांड्याला आजही तिच्या नावाने ओळखतात. आपल्याकडे तो दांडा वाकलेला, वर उचललेला किंवा गायबच असतो. मग मृत्यू वेगाने झाला की गायब दांड्याने, हे मागच्या चालकाकडे बोट दाखवून कसे ठरणार?

हे बोट दाखवणे जुनेच आहे. सप्टेंबर 2022मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा जीव घेणाऱ्या मोटार अपघातानंतर महाराष्ट्र मागच्या सीटच्या बेल्टवर बोलला, आणि ते योग्यच होते. पुलापाशी अरुंद होणारा रस्ता मात्र दोन-चार दिवसांतच मागे पडला.

15 फेब्रुवारी 2022च्या रात्री दिल्लीबाहेर सोनीपत जिल्ह्यात कुंडली-मानेसर-पलवल एक्सप्रेसवेवर अभिनेते दीप सिद्धू यांची गाडी ट्रेलरवर आदळली. गुन्हा ट्रेलरचालकावर. त्याच वर्षी 14 ऑगस्टला पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ राजकीय नेते विनायक मेटे तशाच धडकेत गेले. गुन्हा त्यांच्याच मोटारीच्या चालकावर. दोन्हीकडे चर्चा चालकांभोवतीच फिरली.

ट्रकवाला गरीब आहे म्हणतात. दांडा आणि रेडियम बसवायचे काम मालकाचे, पगारी चालकाचे नव्हे. धुक्याला कोण काय करणार, असेही विचारतात. दिवा आणि रेडियम लागते ते धुक्यासाठीच.

मग काय व्हावे? केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या 2022च्या अहवालात मागून धडक हा अपघातांचा सर्वांत मोठा प्रकार आहे, पाचांत एकाहून जास्त. अशा प्रत्येक पंचनाम्यात पोलिसांनी टेप लावून दांड्याची उंची लिहावी. दिवे चालू होते का, रेडियम होते का, इशाऱ्याचा त्रिकोण मांडला होता का, हे लिहावे. दांडा नसेल तर मालक आरोपी व्हावा, आणि त्या गाडीचे शेवटचे पासिंग करणाऱ्यालाही जबाब द्यावा लागावा. जुन्या ट्रकचे पासिंग दरवर्षी होते, म्हणजे दांडा तपासायची संधी दरवर्षी येते. कोल्हापूर-सांगलीकडे हंगामात रात्री बिनदिव्याच्या ऊसट्रॉल्या धावतात, त्यांनाही हीच कसोटी लावावी. बंद पडलेले वाहन तासन्‌तास महामार्गावर राहिले तर टोल घेणाऱ्यालाही विचारावे, कारण गस्त आणि क्रेन ठेवण्याचे पैसे त्याच टोलमधून येतात.