तेल गेलं, तूप तरी वाचवा

आज जरा भांडायचा मूड आहे. विषय तेलकट आहे, तेव्हा पांढरे कपडे घालून वाचणाऱ्यांनी सांभाळून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुन्या टर्बो डिझेल गाडीचं ऑइल अचानक कमी झालं, तर "इंजिन म्हातारं झालं" हे निदान नाही, ते निदान टाळणं आहे. आणि त्याचे पैसे आपण निमूटपणे मोजतो.

झालं असं. माझे मामा रोह्याचे. पावसाळ्यात गणपतीच्या आधीचे दोन महिने त्यांचा एकच धंदा. पेणजवळच्या हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती उचलायच्या आणि रोह्यातल्या दुकानांना, आसपासच्या गावांना पोचवायच्या. गाडी २००९ सालची, अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. (कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे कळेलच की दोष कंपनीचा नव्हता.) मागच्या सीटा दुमडल्या की बाप्पा गवताच्या गादीवर बसून येतात. पंधरा वर्षं झाल्यावर मामांनी पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला. गाडीवर जीव आहे त्यांचा.

गेल्या जुलैत एका सोमवारी पेणहून परत येताना वडखळ, गडब, कासू, नागोठणे सगळं ठीक. भिसे खिंडीत वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि विझला. पुढच्या वळणावर परत लागला. मामा तसेच घरी आले. "अरे, विझत होता की तो!" हे त्यांचं स्पष्टीकरण.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर सांगतो. तेही फार उशिरा, प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावर. वळणावर दिवा लागतो याचा अर्थ ऑइल इतकं कमी झालंय की ते एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतोय. त्याच वेळी टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या हिशोबात फिरत असतो आणि त्याला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. म्हणजे हा दिवा दिसला की गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. "घर जवळ आलंय" हे कारण चालत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये. मिस्त्रीने पट्टी काढली, कोरडी. अडीच लिटर ऑइल ओतलं तेव्हा कुठे फुलची खूण आली. त्याने गाडीखाली पाहिलं, थेंब नाही. स्लोवर चालू ठेवली, तरी थेंब नाही. दहा मिनिटांत निकाल लागला. "काका, खाली गळत नाही म्हणजे जळतंय. टर्बो गेला, रिंगा पण बसल्यात. हाफ इंजिन काढावं लागंल. टर्बो धरून पंच्याऐंशी हजार. आणि गाडी महिनाभर विसरा."

जुलैमध्ये महिनाभर गाडी विसरायची म्हणजे मूर्तींचा सीझनच विसरायचा. आणि मूर्तींचा सीझन म्हणजे मामांची वर्षाची निम्मी कमाई. मामींनी रात्री मला फोन केला. "तू मेकॅनिकल इंजिनिअर ना रे? बघ जरा येऊन."

आता माझी लायकी सांगतो. मी डिग्रीने मेकॅनिकल, पोटापाण्याने सॉफ्टवेअरवाला. चार वर्षांत डिझेल सायकलचे आलेख इतके काढले की झोपेतही काढेन, पण ऑइलची पट्टी पहिल्यांदा हातात घेतली ती नोकरी लागल्यावर. तरी हापिसात एक गोष्ट शिकलोय. शुक्रवारी रात्री सिस्टिम कोसळली की पहिला प्रश्न "सर्व्हर किती जुना आहे?" हा नसतो. पहिला प्रश्न असतो, "आज कोणी काय बदललं?"

शनिवारी सकाळी रोह्याला पोचलो आणि गाडीला हात लावायच्या आधी कागदावर हिशोब मांडला. पेणची एक फेरी, जाऊन येऊन पंच्याऐंशीएक किलोमीटर. मामांनी रविवारी पट्टी पाहिली होती, फुल होती. म्हणजे एका फेरीत अडीच लिटर गेलं. तेवढ्या अंतराला ही गाडी साधारण सात लिटर डिझेल पिते. सात लिटर डिझेलबरोबर अडीच लिटर इंजिन ऑइल जळलं असतं, तर मागे काय दिसलं असतं? डास मारायला नगरपरिषदेची धुराची गाडी येते, ती आठवा. नागोठण्याच्या नाक्यावर लोकांनी मामांना थांबवून विचारलं असतं. मामांना विचारलं, धूर? "नाही रे, नेहमीसारखाच."

संपलं! "जळतंय" हा निकाल एक पानाही न उघडता, फक्त भागाकाराने बाद झाला. त्याला ना स्कॅनर लागला ना डिग्री.

मग "खाली थेंब नाही" याचं काय? हा युक्तिवाद मी अनेक गॅरेजांत ऐकलाय आणि तो साफ चुकीचा आहे. गाडी उभी असते तेव्हा बहुतेक ऑइल खाली चेंबरमध्ये पडून असतं. वरच्या पाइपांत ते प्रेशरने धावतं ते इंजिन चालू असताना. गरम इंजिन स्लोवर असेल तर तेव्हाही प्रेशर कमीच. रस्त्यावर रेस वाढली की ते कित्येक पट होतं. म्हणजे उभ्या गाडीखाली पुठ्ठा टाकून थेंब शोधणं हे नळ बंद करून पाइप कुठे फुटलाय ते शोधण्यासारखं आहे. त्यात कोकणातला जुलै. रस्त्यावर उडालेलं ऑइल वाऱ्याने मागे जातं आणि पाऊस गाडीचं पोट धुऊन टाकतो. पुरावा राहणार कुठे?

तिसरा मुद्दा सगळ्यात मोठा. "अचानक" हा शब्द. रिंगा, बोअर, व्हॉल्व्हचे सील हळूहळू झिजतात. झिजलेलं इंजिन महिनोन् महिने थोडं थोडं ऑइल खात राहतं, सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर सोडतं, ऑइलचं झाकण उघडलं तर भसाभस वाफारा मारतं. रविवारी फुल आणि सोमवारी कोरडं असं वार्धक्य नसतं. एका दिवसात जे होतं ते तुटल्याने, फुटल्याने, सैल झाल्याने होतं. किंवा कोणीतरी हात लावल्याने.

म्हणून मामांना विचारलं, "गेल्या महिनाभरात गाडीला कोणी हात लावला?"

"कोणी नाही. डायनॅमो केला तेवढा पेणला, आठवड्यापूर्वी. पण तो इलेक्ट्रिकचा भाग, त्याचा तेलाशी काय संबंध?"

मंडळी, संबंध आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा ब्रेकला पुरेल असा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो, काही मिस्त्री त्याला एक्झॉस्टर म्हणतात. कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप डायनॅमोच्याच पाठीवर बसवलेला असतो, आणि त्याला वंगण म्हणून इंजिनचं ऑइल एका बारीक पाइपने येतं. डायनॅमो काढायचा तर हा पाइप सोडावाच लागतो. पंधरा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत शिजलेलं रबर. ते पिळून परत बसवलं की काय होणार?

तरी अंदाजावर विसंबलो नाही, नाहीतर माझ्यात आणि त्या मिस्त्रीत फरक काय? आधी उरलेला रस्ता तपासला. ऑइल इंजिनातून तीनच वाटांनी जातं. बाहेर गळतं, आत जळतं, नाहीतर पाण्यात जातं. ऑइल कूलर किंवा हेडचं पॅकिंग फुटलं तर चालू इंजिनात ऑइल पाण्यात घुसतं आणि रेडिएटरमध्ये दुधाळ चहाचा गाळ दिसतो. थंड इंजिनावर झाकण उघडलं (गरमवर कधीही नाही!), पाणी स्वच्छ. म्हणजे उरली एकच वाट, बाहेरची.

मग इंजिन डिझेल आणि ब्रशने धुतलं, पंक्चरवाल्याकडे हवा मारून सुकवलं, संशयाच्या जागी मामींचा टाल्कम पावडरचा डबा रिकामा केला. इंजिन गरम केलं. मामेभावाला रेस धरायला बसवलं आणि मी पट्ट्यापासून, पंख्यापासून हात लांब ठेवून बॅटरी घेऊन बघत बसलो. स्लोवर काही नाही. दीड हजारला काही नाही. अडीच हजारला डायनॅमोच्या खालून केसाएवढी बारीक पिचकारी! पाइप क्लिपपाशी चिरला होता. रेस सोडली की चीर मिटायची.

पाइप साडेतीनशे रुपये, दोन क्लिपा चाळीस. रविवारी दुपारी मामा जोह्याला मूर्ती आणायला गेले.

आता कोणी म्हणेल, तुझं नशीब चांगलं, प्रत्येक वेळी पाइपच निघतो का? मुळीच नाही. टर्बो खरंच जातात, रिंगा खरंच बसतात. टर्बोचं सील पूर्ण गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम पळू शकतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. (तशी वेळ आलीच तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन गळफटवायचं.) माझं भांडण इंजिन उघडण्याशी नाही, कारण न शोधता उघडण्याशी आहे. टर्बोचंच घ्या. त्यातून ऑइल परत चेंबरमध्ये येतं ते केवळ उताराने. तो परतीचा पाइप गाळाने तुंबला किंवा इंजिनचा ब्रीदर बंद झाला, तर धडधाकट टर्बोही ऑइल ओकतो. कारण न बघता नवा टर्बो बसवलात तर नवाही ओकेल. मग म्हणायचं, "आजकाल मालच डुप्लिकेट येतो." तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

"मिस्त्रीचा हात बसलेला असतो, तुम्ही पुस्तकी लोक काय सांगता" हेही ऐकलंय. हात बसलेला असतो, मान्य. माझ्या दहापट वेगाने तो इंजिन उतरवेल. पण हात बसला म्हणून प्रश्न विचारायचा राहिला तर चालत नाही. मामांना "शेवटचं काय काम केलं?" हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर गाडी मंगळवारीच रस्त्यावर असती.

पाइपचा तुकडा घेऊन मी त्या गॅरेजमध्ये गेलो. भांडायलाच, खोटं कशाला बोलू. मिस्त्रीने तुकडा वाकवून पाहिला, चीर उघडली, तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साहेब, खरं सांगा. दोन तास शोधून मी हा पाइप बदलला असता, तर काकांनी मला किती दिले असते? दीडशे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांनी दीडशेच दिले असते, तेही कुरकुरत. मीसुद्धा.

तेव्हा आता अर्धं भांडण आपल्याशी. शोधण्याचे पैसे द्यायची आपल्याला सवय नाही. सुटे भाग डोळ्यांना दिसतात, काळं झालेलं पिस्टन हातात घेता येतं, म्हणून त्याचे हजारो देतो. दोन तास डोकं लावून "काही उघडायची गरज नाही" असं सांगणाऱ्याला आपण म्हणतो, "मग पैसे कसले?" माझ्या हापिसात लोक याच कामाचे महिन्याला पगार घेतात. मिस्त्रीने मात्र ते फुकट करावं! जो फक्त उघडण्याचे पैसे कमावू शकतो, तो उघडणारच.

म्हणून गाडी टाकताना आधी सांगा, "कारण शोधायचे अमुक इतके देतो, काही उघडायचं नाही." पाचशे द्या, हजार द्या, पण आधी ठरवा. स्वतःचंही काम करा. आठवड्यातून एकदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी बघा आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. रविवारची ती नोंद मामांच्या डोक्यात नसती, तर माझा भागाकार कशावर झाला असता?

त्या मिस्त्रीला मी पाचशे देऊ केले, पुढच्या वेळच्या शोधण्याचे ॲडव्हान्स म्हणून. त्याने घेतले नाहीत, चहा पाजला.

मामांनी आता डॅशबोर्डवर वही ठेवली आहे. गेल्या रविवारी फोन आला, "पट्टी फुल आहे. पण डायनॅमो परत आवाज करतोय रे. या वेळी तो काढायच्या आधी नवीन पाइप आणून ठेवलाय."